गॅरेजमध्ये साप ठेवलाय, थंडीत हीटिंग कसं करू?

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो, बायको म्हणाली साप घरात नको म्हणून कॉर्न स्नेकची (बिनविषारी पाळीव साप) काचेची टाकी गॅरेजमध्ये नेली, आता रात्री तिथे ५ डिग्री होतं आणि खाली हीट मॅट असूनही टाकीत १७च्या वर काटा सरकत नाही, काय करू?

— मॅट काच तापवते, हवा नाही. लाकडी व्हिव्हेरियम (साप ठेवायची पेटी) घे, आत वर सिरॅमिक हीटर, त्याला जाळी आणि थर्मोस्टॅट पाहिजेच, नाहीतर भाजेल बिचारा. गरम बाजू २८-३०, दुसरी २४च्या आसपास.

— आणि तोपर्यंत उंदीर देऊ नकोस! गारठ्यात पचत नाही, माझ्या सापाने चौथ्या दिवशी अख्खा ओकला होता, वास तर विचारूच नकोस

— लाईट गेली तर काय करणार रे? वहिनींना पटव, जिन्याखाली जागा असेलच की