ट्रॅक्टरची अवजारं घरी बनवायची तर कुठपर्यंत बनवावीत?

ढेकूळफोड:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे साधारण पंचवीस एचपीचा छोटा ट्रॅक्टर आहे, मागे थ्री पॉइंट लिंकेज (अवजार तीन पिनांवर जोडून उचलायची सोय), कॅटेगरी 1 (त्या जोडणीचं छोट्या ट्रॅक्टरचं माप). अवजारांच्या किमती बघितल्या की वाटतं एवढं लोखंड तर आपण स्वतः जोडू शकतो. आर्क वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि ड्रिल स्टँड घरात आहे, गेटं, शेड, ट्रॉलीची फळकी अशी वेल्डिंगची कामं मी नेहमी करतो, म्हणजे हात बसलेला आहे.

डोक्यात चार गोष्टी आहेत. एक म्हणजे माती ओढायला मागचा लेव्हलर, दुसरं फण लावायला साधा टूलबार, तिसरं पोती आणि खांब न्यायला मागे लागणारा कॅरियर, आणि चौथं पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागे फिरणाऱ्या शाफ्टवर) चालणारं फांद्या-पालापाचोळा कुटायचं यंत्र. सामान म्हणून जुना चॅनल बराच पडलाय आणि ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे आहेत, त्या पाट्यांचे फण होतील असं वाटतंय. यातलं काय करावं काय नाही, चॅनल चालेल का, रॉड कुठला वापरावा, आणि लिंकेजची मापं नक्की काय ठेवायची ते ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. पैसे वाचवायचेत पण अवजार शेतात मोडून पडायला नको, आणि माणसाला तर अजिबात लागायला नको.

ठिणगी:
दादा, पहिल्या तीन गोष्टी बिनधास्त करा, चौथीवर मी बोलत नाही कारण त्यावर इथं माझ्यापेक्षा जास्त जाणणारे आहेत.

सुरुवात मापांपासून करा, लोखंड कापायच्या आधी. कॅटेगरी 1 ला खालच्या दोन पिना 22 मिलिमीटरच्या, टॉप लिंकची (वरच्या मधल्या दांडीची) पिन 19 ची, खालच्या दोन पिनांच्या खांद्यांमधलं अंतर 683 आणि खालच्या पिनांपासून वरच्या पिनेपर्यंतची उभी उंची 460. कॅटेगरी 2 ला हेच 28, 25, 825 आणि 610 होतं. ही उंची मनाने कमीजास्त केली की अवजार उचलताना वेगळ्याच कोनात वळतं, लेव्हलरची धार उचलल्यावर जमिनीकडे बघत राहते किंवा टॉप लिंक पीटीओ शाफ्टच्या गार्डला घासते, आणि मग लोक टॉप लिंकला दोष देतात. तुमच्या लिफ्टच्या हातांमधल्या बॉलचं भोक एकदा स्वतः मोजून बघा, जुन्या ट्रॅक्टरला कोणी बॉल बदललेले असू शकतात.

चॅनलबद्दल. चॅनल सरळ वाकण्याला चांगला, पण पिळाला फार कमजोर, कारण तो एका बाजूने उघडा असतो. आणि लेव्हलर किंवा टूलबार शेतात वाकतो कमी, पिळतो जास्त, एका टोकाला दगड लागला की अख्खी दांडी पिळवटते. म्हणून मुख्य आडवी दांडी चौकोनी पाईपची घ्या, तुमच्या ट्रॅक्टरला 75 बाय 75 चा 6 मिलिमीटर जाडीचा मला पुरेसा वाटतो. चॅनलच वापरायचा हट्ट असेल तर दोन चॅनल तोंडाला तोंड लावून पेटी करा. उरलेला चॅनल कॅरियरच्या तळाला लावा, तिथे तो शोभतो. पट्टी वापराल तिथे उभी लावा, कारण पट्टीची उंची दुप्पट केली की ताकद चौपट होते, जाडी दुप्पट केली तर फक्त दुप्पट.

अजून एक, हे बऱ्याच घरगुती अवजारांत चुकलेलं दिसतं. वरच्या पिनेपासून मागे फ्रेमपर्यंत जो आधार देतात तो काही जण साखळीचा किंवा बारीक सळईचा देतात. अवजार उचललेलं असताना टॉप लिंक ताणात असते, तेव्हा साखळी चालून जाते. पण फण जमिनीत घुसले की जोर उलटा होतो, खालचा भाग मागे ओढला जातो आणि वरचा पुढे ढकलला जातो, म्हणजे टॉप लिंक दाबात येते. त्यावेळी साखळी लोंबकळते आणि सगळा भार उभ्या खांबाच्या बुडातल्या वेल्डिंगवर येतो, तिथेच तडा जातो. आधार पट्टीचा किंवा पाईपचा पाहिजे, ताण आणि दाब दोन्ही घेणारा.

जोडताना आधी सगळं फक्त टाके मारून (जागोजागी थोडंसं वेल्ड करून) उभं करा. दोन्ही खालच्या पिनांच्या बुशांतून एकच सरळ बार आरपार घालून मगच टाका मारा, म्हणजे भोकं एका रेषेत राहतात. कोपरा ते कोपरा दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तरच फ्रेम गुण्यात (काटकोनात) आहे. मग ट्रॅक्टरला लावून वरखाली करून बघा, टायरला लागतंय का, आणि समाधान झालं की खाली उतरवून पुरती वेल्डिंग करा, एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला असं, नाहीतर गरम होऊन फ्रेम ओढली जाते. अवजार ट्रॅक्टरला लावलेलं असताना टाके मारणार असाल तर बॅटरीच्या वायरी काढा आणि अर्थिंगचा चिमटा जिथे वेल्डिंग आहे तिथेच जवळ लावा, करंट लिफ्टच्या आणि चाकाच्या बेअरिंगमधून जाऊ देऊ नका.

पाटेवाला:
ठिणगी भाऊंनी सगळं सांगितलं, मी फक्त ट्रकच्या पाट्यांबद्दल बोलतो कारण हा विषय मला जिव्हाळ्याचा आहे.

पाट्याचं लोखंड हे स्प्रिंग स्टील, त्यात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून थोडा जास्त. साध्या एमएसमध्ये (माइल्ड स्टील, नेहमीचं लोखंड) पाव टक्क्याच्या आतबाहेर असतो. त्या जास्तीच्या कार्बनमुळे पाटा कडक आणि लवचिक असतो पण वेल्डिंग केलं की टाक्याच्या शेजारची पट्टी पटकन थंड होते आणि काचेसारखी ठिसूळ बनते. वरून वेल्डिंग सुंदर दिसेल, पहिल्या कडक ढेकळाला टाक्याच्या कडेने सरळ तुटेल, आणि टाका मात्र तसाच शाबूत असेल. म्हणून फणाला वेल्डिंग करायचंच नाही. दांडीवर एमएसचे क्लॅम्प करा आणि पाटा त्यात बोल्टने आवळा. वर खाली सरकवून खोली बदलता येते, फण झिजला तर बदलता येतो, आणि ओळींचं अंतरही हवं तसं करता येतं. तयार बोल्टचे फण मिळत असतील तर तेच घ्या असं मी म्हणेन, कारण पाटा गरम करून वाकवला की त्याची मूळ कडकपणाची प्रक्रिया निघून जाते आणि ती परत नीट देणं घरच्या भट्टीत नेमकं जमत नाही.

भंगारातलं लोखंड कुठलं आहे कळत नसेल तर ग्राइंडर लावून ठिणग्या बघा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ आणि कमी फाटे फुटलेल्या, जास्त कार्बनवाल्याच्या आखूड आणि टोकाला भरपूर फुलं फुटलेल्या. माहीत असलेला तुकडा शेजारी धरून तुलना करा, मग फसत नाही. चकचकीत जस्ताचा मुलामा असलेलं काही असेल तर वेल्डिंगच्या जागी आधी पूर्ण घासून काढा, तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. आणि जुने तेलाचे, डिझेलचे पिंप कापून काही बनवायचा विचार असेल तर तो सोडाच, रिकामं दिसणारं पिंप आतल्या वाफेने फुटतं, त्यात माणसं गेलेली आहेत.

रॉडचं म्हणाल तर गेट-शेडला 6013 नंबरचा रॉड ठीक आहे, पण लिंकेजचे कान, टॉप लिंकचा खांब आणि क्लॅम्प यांना 7018 वापरा. त्याचा टाका जास्त चिवट असतो, तडा सहज जात नाही. अट एकच, तो रॉड कोरडा पाहिजे, पाकीट फोडून दमट हवेत पडलेला 7018 वापरण्यात काही अर्थ नाही कारण ओलाव्यातला हायड्रोजन टाक्यात जातो आणि आतून चीर पडते. सुरुवातीला चिकटतो, भंगाराच्या तुकड्यावर हात बसवून घ्या.

रानातली:
चौथ्या यंत्राबद्दल मी लिहिते. दादा, कृपया ते घरी बनवू नका.

पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांवर फिरतो म्हणजे सेकंदाला 9 फेरे. कोणाचा पदर, ओढणी, बाही, सैल दोरी त्यात अडकली तर माणसाला हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही, इंजिन बंद करायचं सुचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. शाफ्टवरचा प्लॅस्टिकचा गार्ड तुटला की लोक तसाच चालवतात, ते तर आधी बंद करा. पण कुटायच्या यंत्रात त्याहून वाईट गोष्ट म्हणजे फिरणारं वजन. हिशोब करून बघा, चाकाच्या मध्यापासून 30 सेंटिमीटरवर नुसतं अर्धा किलो वजन एका बाजूला जास्त झालं, समजा एक सुरी झिजली किंवा निसटली, तर 540 ला ते बेअरिंगला जवळजवळ 50 किलोच्या जोराने ओढतं, दर सेकंदाला 9 वेळा दिशा बदलत. बेल्ट लावून वेग 1000 केला, आणि फांद्या कुटायला वेग वाढवावाच लागतो, तर तोच जोर 165 किलोच्या वर जातो. वेग दुप्पट तर जोर चौपट. घरी वेल्डिंग केलेलं चाक कितीही काळजीने केलं तरी समतोल तपासायचं साधन आपल्याकडे नसतं. सुरी सुटली तर ती पत्र्याच्या झाकणातून आरपार जाऊ शकते, आणि समोर बहुतेक वेळा फांद्या सरकवणारा घरातलाच कोणीतरी उभा असतो.

माझा नियम साधा आहे, जे ओढलं जातं किंवा उचललं जातं ते घरी करा, जे फिरतं ते तयार घ्या. गिअरबॉक्स, पीटीओ शाफ्ट, हायड्रॉलिकचे पाईप हे सगळं त्यात आलं. कुठल्याही पीटीओच्या अवजाराला शिअर बोल्ट तुटतो म्हणून त्याजागी जास्त ग्रेडचा बोल्ट घालू नका. तो तुटण्यासाठीच लावलेला असतो, तो नाही तुटला तर गिअरबॉक्स तुटेल.

ढेकूळफोड:
ताई, पटलं. चौथं यंत्र यादीतून काढलं, गरज पडेल तेव्हा भाड्याने आणीन. पाट्यांना वेल्डिंग करणार होतो तेही रद्द, क्लॅम्प करतो.

आता कॅरियरचं विचारतो. मागे किती वजन चालेल? लिफ्टची क्षमता पुस्तकात दिलेली आहे ती बरीच मोठी वाटते, म्हणून तेवढं सरळ लादता येईल का?

वजनकाटा:
नाही भाऊ, ती क्षमता लिफ्टच्या हातांच्या टोकाशी मोजलेली असते, काही ठिकाणी त्याच्या 610 मिलिमीटर मागेही मोजतात आणि तो आकडा कमी असतो. तुमच्या कॅरियरवरचा माल तर टोकाच्या बराच मागे बसणार. पण खरी अडचण लिफ्ट नाही, पुढची चाकं आहेत.

उदाहरण धरा, ट्रॅक्टर 1000 किलो, त्यातले 400 पुढच्या एक्सलवर, दोन्ही एक्सलमधलं अंतर 1.6 मीटर. मागच्या एक्सलपासून 1 मीटर मागे कॅरियरसकट 300 किलो लटकवले तर पुढचं वजन 300 गुणिले 1 भागिले 1.6, म्हणजे साधारण 188 किलोने हलकं होतं. पुढे राहिले 212. पुढच्या एक्सलवर ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या निदान 20 टक्के भार राहिला पाहिजे असं धरतात, म्हणजे इथे 200. तुम्ही अगदी काठावर आहात. आता तोच माल फक्त 25 सेंटिमीटर अजून मागे सरकला तर पुढे 166 च राहतात, स्टिअरिंग फिरवलं तरी चाकं घसरतात, आणि चढावर तर पुढचा भाग उठतो. म्हणून कॅरियरची लांबी कमी ठेवा, जड माल ट्रॅक्टरच्या पाठीला चिकटवून ठेवा, आणि पुढे वजनं लावायची सोय करा. तुमच्या ट्रॅक्टरचे आकडे पुस्तकात बघून हाच हिशोब करा.

आणि काहीही ओढायचं असेल, ओंडका असो की अडकलेली गाडी, ते खालच्या ड्रॉबारलाच (मागे खाली असलेल्या ओढायच्या पट्टीलाच) बांधायचं. टॉप लिंकच्या जागी साखळी बांधून ओढलं की ट्रॅक्टर मागच्या मागे उलटतो, आणि ते इतकं पटकन होतं की क्लचवर पाय जायच्या आत वेळ निघून गेलेली असते.

जुनं_ते:
मी थोडं वेगळं सांगतो, पैसे वाचवायचे असतील तर शून्यापासून बनवणं दर वेळी स्वस्त पडतच असं नाही. रॉड, कटिंगची चाकं, बोल्ट, पिना, रंग, वीज आणि आपले दिवस धरले तर टूलबार तयार अवजाराच्या बऱ्यापैकी जवळ जातो, खास करून लोखंड नवं घ्यावं लागलं तर. त्यापेक्षा मोडकं कल्टिवेटर भंगाराच्या भावात मिळतं का बघा. त्यात लिंकेजचा भाग तयार असतो, मापं बरोबर असतात, पिना आणि बुश बदलले की झालं, वेळ वाचतो तो लेव्हलरवर घाला. लेव्हलर मात्र घरीच करा, त्यात खरी बचत आहे, कारण त्यात लोखंड जास्त आणि कारागिरी कमी.

ढेकूळफोड:
हे आवडलं. टूलबारसाठी जुनं कल्टिवेटर शोधतो, लेव्हलर आणि कॅरियर स्वतः करतो. लेव्हलरच्या धारेला काय लावू? साधी पट्टी वेल्ड करून टाकू का?

ठिणगी:
वेल्ड नको, बोल्ट. धार झिजणारच, आणि वेल्ड केलेली काढायला ग्राइंडर घेऊन दिवस घालवावा लागतो. जाड कडक पट्टी घ्या, दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर मधोमध भोकं पाडा, म्हणजे एक कड झिजली की उलटी करून दुसरी वापरता येते. बोल्ट चौकोनी मानेचे आणि टोपी पट्टीत बुडणारे घ्या, वर आलेली टोपी आधी झिजते आणि मग बोल्ट फिरत राहतो, नट सुटत नाही.

पहिल्यांदा चालवताना मोकळ्या मातीत, कमी गिअरमध्ये, थोडी थोडी माती घेऊन चालवा. थोड्या वेळाने थांबून प्रत्येक टाक्याची कड पुसून बघा, बारीक काळी रेघ दिसली तर ती तडा आहे, पूर्ण घासून काढून परत भरायची, वरून लिंपायची नाही. बघायला अवजाराखाली जायचं असेल तर खाली लाकडाचे जाड ठोकळे ठेवून त्यावर अवजार टेकवा आणि इंजिन बंद करा. लिफ्टवर भरवसा नाही, आतलं तेल सरकलं किंवा कोणाचा लिव्हरला हात लागला तरी अवजार खाली येतं.