कुर्बानीचा बोकड घेताना: तोंड, चाल, वजन

सोलापूर-सांगोला भागातल्या बाजारात बकरी ईदच्या कुर्बानीचं जनावर घेताना नेमकं काय बघता? भाव राहू द्या, ते संध्याकाळपर्यंत बदलतात. पारख लिहा. (खाली प्रत्येक उत्तराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

दोनदाती
आधी तोंड, मग भाव. खालचा ओठ अंगठ्यानं ओढून बघा. वर पुढचे दात नसतातच, नुसती टणक हिरडी असते. ‘दात पडलेत’ म्हणून घाबरू नका. खाली आठ. सगळे बारीक, तांदळासारखे असतील तर अदंत. मधले दोन पडून तिथं रुंद, फावड्यासारखे आले की दोनदाती. हे साधारण १२ ते १८ महिन्यांत होतं. दोन वर्षांच्या आसपास चारदाती.
लबाडी इथंच होते. दुधाचे मधले दोन दात पाडतात आणि ‘आत्ताच पडलेत, नवे येतायत’ म्हणतात. हिरडी लालभडक, फाटलेली आणि नव्या दाताचं टोक कुठंच दिसत नसेल तर पुढच्या दावणीला चला.

चाँदरात
भाई, दात ही खूण, शर्त वयाची. बकरा चांद्र वर्षानं एक वर्षाचा पुरा हवा, म्हणजे ३५४ दिवस. घरचं करडू आहे, जन्माची तारीख पक्की आहे, तर दात आले नसले तरी हनफी मसल्यानं, म्हणजे हनफी पंथाच्या धर्मनियमानं, चालतं. बाजारात तारीख कोण सांगणार, म्हणून दात बघायचे.
मेंढ्याला सूट आहे: सहा महिन्यांचा, पण वर्षाच्या मेंढ्यांत सोडला तर वेगळा ओळखू येऊ नये इतका भरलेला. ही सूट बकऱ्याला नाही. लोक इथं हमखास घोळ घालतात. म्हशी-रेड्याला दोन वर्षं, त्यात सात जणांचे हिस्से. गाय-बैल महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानं बंदच.
ऐब, म्हणजे कुर्बानी न चालणारे दोष: आंधळा, काणा, हाडं निघालेला नको. कान किंवा शेपूट एक तृतीयांशाहून जास्त कापलेली नको; कानातल्या बिल्ल्याचं भोक चालतं. जन्माचा मुंडा (बिनशिंगी) चालतो, मुळापासून शिंग उखडलेला नाही.

माळरान
लंगड्याचं राहिलं. दोर सैल सोडून वीस पावलं चालवा. पाय टेकवून लंगडत असेल तर चालतो. चौथा पाय टेकवतच नसेल तर नाही. गर्दीत दावणीला उभा असताना हे कळत नाही, आणि व्यापारी चालवून दाखवायला का-कू करतो तो उगीच नव्हे.

काटा
किलोवर घेणार असाल तर सकाळी चारा-पाण्याआधी तोला. मीठ चारून पाणी पाजलं की दोन-तीन किलो सहज वाढतात. डावी कूस तट्ट फुगलेली असते, पाठीवर मात्र बोट फिरवलं की कण्याचे मणके एकेक लागतात. खरा भरलेला बोकड कमरेवर मऊ-गोल लागतो. ३० किलोच्या उस्मानाबादी जातीच्या बोकडातून १४-१५ किलो मटण धरा, जास्त नाही.

चाँदरात
खस्सी (खच्ची केलेला) बिनदिक्कत घ्या, तो ऐब नाही. खच्ची न केलेल्या अंडलाच्या मटणाला उग्र वास येतो.

कडबाकुट्टी
घेतल्यानंतर जास्त बोकड बिघडतात. पोरं लाडानं ज्वारी, चपात्या, भात चारतात. एकदम धान्य पडलं की पोटात आम्ल होतं, हगवण लागते आणि दोन दिवसांत जनावर आडवं. आधीच्या मालकाला चारा विचारा आणि तोच ठेवा: कडब्याची कुट्टी, शेवरी, सुबाभूळ. ज्वारीचे कोवळे फुटवे अजिबात नकोत, किरळ लागते, म्हणजे विषबाधा होते. गेली काही वर्षं ईद उन्हाळ्यात येतेय, तेव्हा टेम्पो पहाटे आणा, खाली ओली वाळू टाका. नाक वाहतंय, तोंडात फोड आहेत, असं जनावर स्वस्तात मिळालं तरी नको.

माळरान
घेतल्यावर पाय मोडला तर?

चाँदरात
ज्याच्यावर कुर्बानी वाजिब (बंधनकारक) आहे त्यानं दुसरा घ्यायचा. ज्याच्यावर नव्हती, त्याचा तोच चालतो. जिबहसाठी, म्हणजे कापण्यासाठी, आडवा करताना धडपडीत मोडला तर कुणालाच हरकत नाही.