‘पब’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: आयर्लंडमधल्या खेड्यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यातला पब म्हणजे गावातली म्हातारी मंडळी संध्याकाळी विस्तवाशी बसून गप्पा मारतात ती जागा. मराठीत ‘पब’ लिहिलं की पुण्यामुंबईचा दणदणाटच आठवतो. ‘गुत्ता’ चालेल? आणि ‘स्नग’ला काय म्हणू?

प्रतिसाद: गुत्ता अजिबात नको. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता. मराठवाड्यात कंत्राटदाराला आजही गुत्तेदार म्हणतात. दारूविक्रीच्या मक्त्यावरून दुकानाला ते नाव चिकटलं. ‘परमिट रूम’ही दारूबंदीच्या परवान्यातून आलेली. पबच्या नावात मात्र घर आहे: ‘पब्लिक हाउस’, कुणीही यावं असं घर. आयरिश भाषेतल्या ‘teach tábhairne’ या नावातही पहिला शब्द ‘घर’ या अर्थाचाच आहे. दारावर पुष्कळदा मालकाचं आडनाव असतं, डब्लिनमधलं मलिगन्स किंवा केहोज पाहा. मालक बदलला तरी जुनी पाटी सहसा हलत नाही.

शिवाय तिथे फक्त दारू मिळायची असं नाही. पुढे किराणा आणि मागे बार, ही गावोगावची रीत होती. डिंगल गावातल्या डिक मॅकमध्ये एका बाजूला चामड्याच्या वस्तूंचं दुकान आहे, समोर बार. हे सगळं ‘मदिरालय’ या शब्दात कुठून येणार? ‘पब’च ठेवा, आणि पहिल्या उल्लेखाला त्या घराचं वर्णन येऊ द्या.

स्नग म्हणजे बारला लागून लाकडी फळ्यांनी बंद केलेली इवलीशी खोली. बारकडे एक झडप उघडते, त्यातून पेला आत येतो. पूर्वी बायका, पाद्री, पोलीस, ज्यांना चारचौघांत पिताना दिसायचं नसे ते तिथे बसत. आपल्या हॉटेलांतली ‘फॅमिली रूम’ जवळची वाटते, पण तिथे कुटुंब बसतं. स्नगमध्ये एकटी बाईही निवांत बसे. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. मी ‘आडोसा’ म्हणेन.

प्रतिसाद: कायद्याने घडवलेले शब्द आयर्लंडमध्येही आहेत. बिनपरवान्याच्या अड्ड्याला ‘शिबीन’ म्हणतात. हा आयरिश शब्द पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या वस्त्यांतही रुजला. दुसरा तर आपल्या शाळेच्या दाखल्यातला, ‘बोनाफाईड’! खऱ्या प्रवाशाला पब बंद झाल्यावरही दारू देता येत असे. मुक्कामापासून तीन मैल, डब्लिनकरांसाठी पाच मैल अंतर लागे. म्हणून शहराबाहेरच्या पबनाच ‘बोनाफाईड’ म्हणू लागले. ही सवलत १९६० साली गेली.

प्रतिसाद: गोव्यातलं ‘तावेर्न’ही लक्षात घ्या. ते पोर्तुगीजांकडून आलं, पण मूळ लॅटिन ‘ताबेर्ना’. पबच्या आयरिश नावातला दुसरा शब्द, ‘tábhairne’, त्याच मुळाचा.

प्रश्नकर्ती: ‘पब’ आणि ‘आडोसा’ घेते. लेखात ‘क्रॅक’ही आहे, पबमधल्या रंगलेल्या गप्पागोष्टी, गाणं, हसणं या सगळ्यासाठी. ‘फड’ कसा वाटतो? गप्पांचा फड आपल्याकडे रंगतोच.

प्रतिसाद: फडच लिहा. ‘क्रॅक’ हा शब्दसुद्धा मूळचा आयरिश नव्हे. उत्तर इंग्लंड-स्कॉटलंडकडून आला आणि नंतर त्याला आयरिश स्पेलिंग मिळालं.