विषय: मुलाला फ्रॅटर्निटीत (कॉलेजातल्या मुलांच्या, निवडून घेणाऱ्या क्लबात) जाऊ द्यावं का?

नमस्कार मंडळी,

धाकटा ओहायोतल्या स्टेट युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला आहे. परवा फोनवर म्हणाला, "बाबा, मी रश करतोय. देसी फ्रॅट आहे, सगळी आपलीच मुलं." रश म्हणजे फ्रॅटमध्ये शिरण्यासाठीची निवड. हिचा साफ विरोध आहे. मला वाटतं ओळखी होतील, पुढे नोकरीला उपयोग होईल. मंडळातल्या कॉलेजच्या मुलांनी खरं काय ते सांगावं.

---

काका,

मी ज्युनिअर, म्हणजे तिसऱ्या वर्षाला आहे. स्वतः कुठल्या सोरोरिटीत (मुलींच्या फ्रॅटर्निटीत) नाही, पण रूममेट आहे. कॅम्पसवर याबद्दल दोन तट आहेत. आतले म्हणतात, घर मिळालं. बाहेरचे म्हणतात, पैसे मोजून मित्र घेतले. स्वार्थमोर कॉलेजात 2019 मध्ये विद्यार्थ्यांनी ठिय्या दिला आणि तिथल्या दोन्ही फ्रॅटर्निटी बंद झाल्या. तरी मोठ्या कॅम्पसवर मुलं जातातच, कारण पहिल्या सेमिस्टरला नावानं हाक मारणारं कुणी नसतं.

रूममेटच्या रिक्रूटमेंटच्या, म्हणजे सोरोरिटीच्या निवडीच्या, दिवसांत ती या घरातून त्या घरात हसतमुखानं गप्पा मारत फिरायची. ज्यांनी परत बोलावलं नाही, ते फोनवर कळायचं. एका रात्री खूप रडली. पण पुढे तापानं पडली, तेव्हा सूप घेऊन त्याच 'सिस्टर्स' आल्या. दोन्ही खरं आहे.

देसी म्हणजे सुरक्षित, हे मात्र डोक्यातून काढा. डेल्टा एप्सिलॉन साय ही देसी फ्रॅट टेक्सासात ऑस्टिनला 1998 मध्ये निघाली, ती आपल्यासारख्या घरांतल्या मुलांना एकत्र येता यावं म्हणून. हेतू चांगलाच. पण न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजातल्या पाय डेल्टा साय या आशियाई फ्रॅटनं 2013 मध्ये नव्या मुलांना पेनसिल्व्हेनियात नेलं. तिथे एका मुलाचे डोळे बांधून, पाठीवर वजनदार बॅग देऊन अंधारात ढकलाढकली केली. त्यात तो दगावला. पुढे कोर्टानं त्या फ्रॅटच्या राष्ट्रीय संघटनेलाच दोषी धरलं.

तुमच्या ओहायोतच, बोलिंग ग्रीनच्या विद्यापीठात, 2021 मध्ये 'बिग-लिटल'च्या (नव्या मुलाला जुना सभासद 'मोठा भाऊ' म्हणून देतात त्या) रात्री एका नव्या मुलाला दारूची अख्खी बाटली संपवायला लावली. तोही वाचला नाही. त्याच वर्षी तिथे कॉलिन्स लॉ हा हेझिंगविरोधी (नव्या मुलांच्या छळाविरुद्धचा) कायदा आला. आता कॉलेजांना हेझिंगची प्रकरणं वेबसाइटवर टाकावी लागतात. त्यात या फ्रॅटचं नाव आहे का, आधी बघा.

त्याला नुसतं "नको" म्हणू नका, लपवून जाईल. विचारा, प्लेजिंग (सभासद होण्याआधीची उमेदवारी) किती आठवडे, बिग-लिटलच्या रात्री काय असतं, मधेच सोडता येतं का. "ते सिक्रेट आहे" असं उत्तर आलं, तर मी स्वतः त्याच्याशी बोलेन.

---

भाऊ, पोरीचं म्हणणं ऐका.

मी पुण्यात हॉस्टेलला राहिले आहे, रॅगिंग पाहिलंय. महाराष्ट्रात त्याविरुद्ध कायदा आला 1999 ला. पण तिकडे ते आमच्यावर लादलं जायचं. इथे मुलगा आपल्या पायांनी जातो, म्हणून घरी सांगायला लाजतो.

पेन स्टेट विद्यापीठातल्या एका फ्रॅटमध्ये 2017 मध्ये जिन्यावरून पडलेल्या मुलासाठी 911 ला (आपत्कालीन मदतीच्या नंबरला) फोन करायला जवळजवळ 12 तास गेले. सगळे अडकायला घाबरले. कुणी शुद्धीवर नसेल तर आधी 911 आणि मग बाबांना फोन, कितीही वाजले असले तरी, हे त्याला आजच बजावून सांगा. दारूवरून घरी कुणी रागावणार नाही, हा शब्दही द्या.