मेंढीचे सांधे मोजताना दोघांचं रीडिंग जुळेना, काय चुकतंय?

प्रश्न
नमस्कार मंडळी, मी एमव्हीएस्सी (पशुवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण) सर्जरीला आहे. निरोगी दख्खनी मेंढ्यांचे सांधे किती अंश वाकतात आणि किती सरळ होतात ते गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायचं दोन दांड्यांचं साधन) मोजतोय, म्हणजे उद्या फ्रॅक्चरचं प्लास्टर काढल्यावर सांधा कितपत आखडलाय हे कशाशी तरी ताडून बघता येईल. पुढच्या पायाचं बरं चाललंय पण मागच्या गुडघ्याला माझ्यात आणि रूममेटमध्ये दहा-बारा अंशांचा फरक पडतोय, मेंढी तीच, पाय तोच. एक सीनिअर म्हणाला झायलाझिन (गुंगीचं औषध) देऊन मोज, पण मेंढीला ते द्यायचा मला धीर होत नाही.

उत्तर १
झायलाझिनला घाबरतोस ते बरोबरच आहे, मेंढीच्या फुफ्फुसात पाणी होऊन ऑक्सिजन झपकन खाली येऊ शकतो, आणि वर आडवी पडली की पोट फुगायचं टेन्शन वेगळंच. नुसत्या मोजमापासाठी नको.
आता गुडघा. वाकवताना घोटा कुठे धरतोस? पेरोनिअस टर्शिअस हा स्नायू मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून निघतो आणि घोट्याच्या पुढून खाली नळीच्या हाडाला जातो, त्यामुळे गुडघा वाकला की घोटाही सोबत वाकायला बघतो. तू घोटा मोकळा सोडलास आणि मित्राने ताणून धरला तर आकडे जुळणारच नाहीत रे. दोघांनी आधी पकड एकच ठरवा आणि ती थेसिसमध्ये लिहा, पुढच्याला तेच उपयोगी पडतं.
गोनिओमीटरचं केंद्र फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) बाहेरच्या काँडाइलवर, म्हणजे गुडघ्याजवळच्या उंचवट्यावर, एक दांडी ग्रेटर ट्रोकँटरकडे (मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा), दुसरी बाहेरच्या मॅलिओलसकडे (घोट्याच्या बाजूचं उंच हाड). मेंढीत फिब्युला (नडगीच्या बाजूचं बारीक हाड) नावापुरतीच असते पण मॅलिओलस बोटाला नीट लागतो.

उत्तर २
मी माणसांची फिजिओथेरपिस्ट आहे, पण एक गोष्ट नक्की बघा. आमच्यात सरळ गुडघा म्हणजे ०, तुमच्याकडे बहुतेक सरळ सांधा १८० धरतात, आणि गोनिओमीटरवर दोन्ही बाजूंनी आकडे असतात, घाईत उलटा वाचला जातो. दुसरं म्हणजे जो दांड्या लावतो त्याने आकडा बघायचाच नाही, तिसऱ्याने वाचून लिहायचा. तीनदा घ्या आणि दरवेळी दांड्या उचलून नव्याने लावा, नाहीतर एकच चूक तीनदा मोजली जाते.

उत्तर ३
दादा आमचा मेंढ्यांचा वाडा माण तालुक्यातला, आम्ही मेंढीला बकरीच म्हणतो. एकटी बाजूला नेली की बकरी अंग ताठ करते, मग पाय वाकेलच कसा, समोर दोन-तीन जोडीच्या उभ्या ठेवा. लोकर धरून ओढू नका, कातडीला मुका मार लागतो. आणि जमलं तर कातरणीनंतर मोजा, लोकरीवरून हाड चाचपडत बसण्यापेक्षा ते बरं.

प्रश्नकर्ता
सर, पकडच होती! मी टिबिया (नडगीचं हाड) धरत होतो आणि रूममेट घोट्याच्या खाली धरून पाय मागे ताणत होता. आज दोघांनी घोटा मोकळा ठेवला, मांडीवर मार्करने ठिपके केले, आकडे ज्युनिअरने वाचले, पाच मेंढ्यांत फरक तीन-चार अंशांवर आला. दादा, जोडीच्या मेंढ्या समोर ठेवल्या तर खरंच पाय सैल सोडतात हो. कातरणी झाली की सगळ्या पहिल्यापासून मोजतो, जुने आकडे टाकून देतोय.