आधी माणसं जोडा, मग मैत्रिणीचं बघा

'मी बायसेक्शुअल आहे, मला मुलगे आणि मुली दोन्ही आवडतात. शाळेपासूनची मैत्रीण म्हणते, मुलगा की मुलगी ते एकदाचं ठरव; आता तिला भेटावंसंच वाटत नाही,' या एकीच्या पोस्टवर सगळे 'मैत्री तोडून टाक' म्हणतायत. घाई नको. नवी माणसं मिळायच्या आत जुनी सोडली की एकटेपणा येतो, मग पाय परत तिच्याकडेच वळतात, तेही तिच्या अटींवर.

एक दुरुस्ती: बायसेक्शुअलला मराठीत उभयलिंगी नव्हे, उभयलैंगिक म्हणायचं. पहिला शब्द गांडुळाचा, एकाच शरीरात नर-मादी दोन्ही असतात त्याचा.

आता नवी माणसं कुठे शोधायची? पुण्यात एलजीबीटी लोकांसाठी काम करणारा समपथिक ट्रस्ट २००२ मध्ये सुरू झाला, त्यांचा पहिला मोर्चा, म्हणजे प्राइड, २०११च्या डिसेंबरात निघाला. पण घोषणांच्या गजरात ओळखी होत नाहीत. आपल्यासारख्याच दहा-बारा जणांची गप्पांची बैठक शोधा आणि किमान तीनदा जा. पहिल्या खेपेला बाकीचे एकमेकांच्या ओळखीचे, आपण कोपऱ्यात चहाचा कप धरून. इथेच बऱ्याच जणी गळतात. फोटो नको असतील तर आयोजकांना आधीच सांगा. 'बॉयफ्रेंड आहे ना, मग आमच्यातली कशी?' हे तिथेही ऐकावं लागेल. डेटिंग ॲपवर मात्र मैत्रिणी शोधू नका, तिथे शरीरसंबंधात सोबत 'तिसरी' हवी असलेली जोडपीच फार.

शाळेपासूनच्या मैत्रिणीला एकदाच, शांतपणे सांगा: 'माझं ठरलेलंच आहे. हा विषय कुणाकडे काढू नकोस.' मग रोजचे फोन आठवड्यावर, भेटी महिन्यावर आणा. ती तुमच्या आईला ओळखत असेल तर भांडून संबंध तोडू नका. रागाच्या भरात घरी बातमी जाते ती अशीच. एकत्र राहत असाल तर आधी डिपॉझिटचा हिशेब.