शैक्षणिक डेटा सायन्समध्ये पीएचडी, भर समन्यायावर: विषय, डेटा आणि गाइड कसे ठरवावेत?

खडूफळा
संख्याशास्त्रात एमएस्सी, आर आणि पायथन येतं. विषय सध्या ढोबळ आहे: गळतीचं भाकीत करणारी मॉडेलं वंचित गटांबाबत जास्त चुकतात का? एवढं पीएचडीला पुरेल का? सरावाला कोणता डेटा घ्यावा? गाइड निवडताना काय बघावं?

विदाविहारी
'जास्त चुकतात का' हा एका पेपरचा ऐवज आहे, पीएचडीचा नाही. चूक कुठल्या बाजूची आणि तिच्यामुळे पुढे काय होतं, इथून सुरुवात करा. धोक्यातला विद्यार्थी यादीतून निसटला तर त्याची मदत हुकते. धोका नसलेल्याचं नाव यादीत आलं तर? त्याला जादा शिकवणी मिळणार असेल तर फारसं बिघडत नाही, पण सोप्या तुकडीत ढकलणार असतील तर मोठं नुकसान. मॉडेलनंतरचा निर्णय माहीत नसताना नुसते दर मोजून समन्याय कळत नाही.

दुसरं, समन्यायाचे सगळे निकष एकदम पाळता येत नाहीत. दोन गटांत गळतीचं मूळ प्रमाण वेगळं असेल, तर कॅलिब्रेशन (म्हणजे मॉडेलने ३० टक्के धोका सांगितला, तर प्रत्येक गटात खरोखर तेवढेच गळणं) आणि दोन्ही प्रकारच्या चुकांचे समान दर एकत्र मिळत नाहीत. अपवाद फक्त कधीच न चुकणाऱ्या मॉडेलचा. २०१६-१७ मध्येच हे गणिताने दाखवलं गेलंय. कोणता निकष सोडला आणि का, हे प्रस्तावात स्पष्ट लिहा.

शून्यमध्य
सरावाला ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचा खुला डेटासेट (ओयूएलएडी) घ्या. लिंग, अपंगत्व, वस्तीचा वंचितता निर्देशांक, ऑनलाइन अभ्यास साहित्यावरचे रोजचे क्लिक, सगळं आहे. खाचखळगेही आहेत:

ओळी ३२,५९३, पण वेगळे विद्यार्थी २८,७८५. ओळी रँडम वाटल्या की तोच विद्यार्थी ट्रेन (मॉडेल शिकवायचा डेटा) आणि टेस्ट (ते तपासायचा डेटा) दोन्हीकडे जातो आणि अचूकता फुगते. २०१३ च्या तुकड्यांवर शिकवा, २०१४ च्या तुकड्यांवर तपासा, आणि दोन्हीकडे असलेले विद्यार्थी टेस्टमधून काढा.

पूर्ण सत्राचे क्लिक वापरू नका. नाव काढून घेतलेल्याचे क्लिक थांबतातच, त्यामुळे मॉडेल भाकीत करत नाही, झालेली गोष्ट वाचतं. पहिल्या ४ आठवड्यांचेच क्लिक घ्या आणि त्याआधीच नाव काढलेले वगळा.

वंचितता निर्देशांक १,१११ ओळींत कोरा आहे. त्या सरळ उडवण्याआधी त्या कुठल्या प्रदेशातल्या आहेत ते पाहा.

पिसाकडे (१५ वर्षांच्या विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय चाचणी) वळलात तर २०१५ पासून प्रत्येक विषयाला १० प्लॉजिबल व्हॅल्यू, म्हणजे एकाच विद्यार्थ्याच्या गुणांचे दहा संभाव्य अंदाज, असतात. त्यांची आधी सरासरी काढली की प्रमाणत्रुटी खोटी लहान दिसते. विश्लेषण दहा वेळा करून मग निकाल एकत्र करायचे, आणि ८० रेप्लिकेट वेट्स (नमुना निवडीमुळे येणारी त्रुटी मोजायची वजनं) विसरायची नाहीत.

तळटीप
गाइडबद्दल: नावापेक्षा डेटा बघा. विचारायचे प्रश्न: डेटाचा करार आज सही झालेला आहे का? कधी संपतो? छापण्याआधी डेटा देणारी संस्था मजकूर तपासते का, आणि नको ते निष्कर्ष रोखू शकते का? समन्यायाच्या विषयात हा शेवटचा प्रश्न कळीचा. 'डेटा येणार आहे' या उत्तरावर विसंबू नका. करार आणि नैतिक मंजुरी यांतच कित्येक महिने जातात. अमेरिकेत साधारण ५ वर्षं आणि आधी कोर्सवर्क, युरोपात बहुधा ३-४ वर्षं. तिथे करार लांबला तर प्रबंधच अडकतो. शिवाय सहमार्गदर्शक शिक्षणाच्या समाजशास्त्रातला हवाच. गाइडच्या विद्यार्थ्यांचं काम ईडीएम (एज्युकेशनल डेटा मायनिंग, २००८ पासून) आणि एलएके (लर्निंग अ‍ॅनालिटिक्स अँड नॉलेज, २०११ पासून) या परिषदांच्या इतिवृत्तांत सापडेल.

खडूफळा
आभार! लिंग, अपंगत्व, वंचितता असे छेद घेतले तर काही गटांत २०-२५ जणच उरतात. तिथे काय करायचं?

शून्यमध्य
निसटलेल्यांचा दर फक्त खरोखर गळलेल्यांवर निघतो. २० पैकी ते ६ असतील तर एका विद्यार्थ्याने दर जवळजवळ १७ टक्के अंकांनी हलतो. छेदगटांना बहुस्तरीय मॉडेलमध्ये रँडम इफेक्ट म्हणून घाला, म्हणजे लहान गटाचा अंदाज बाकी गटांच्या माहितीचाही आधार घेतो, आणि दराबरोबर त्याची विश्वासमर्यादाही (खरा दर कुठून कुठवर असू शकतो) छापा. मात्र हे मॉडेल लहान गटाला सरासरीकडे ओढतं, म्हणजे खरी तफावतही थोडी पुसली जाते. कच्चे आणि मॉडेलमधून आलेले दर शेजारी-शेजारी द्या. गट १० च्या खाली गेला तर कच्चे आकडे छापू देतील का, हे करारात आधी वाचा.